नाव, गाव आणि त्यापुढचा प्रश्न

साऱ्या महाराष्ट्रासाठी चालणारी दोन विद्यापीठं नाशिकमध्ये आहेत. एक गंगापूर धरणाजवळ गोवर्धनला, १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. दुसरं म्हसरूळला, १९९८ सालचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पहिल्यात अर्ज भरला की प्रवेश मिळतो. दुसऱ्याशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातली जागा ‘नीट’च्या गुणांवर ठरते. आत येणाऱ्या मुलाशी दोन्हीकडे कुणी बोलत नाही. अभियांत्रिकीची जागा सीईटी किंवा जेईईच्या गुणांवर, संगणकाने लावलेल्या यादीतून मिळते. २०२५ पासून तर अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं एखादं हुशार पोर दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही पायऱ्या चढून जातं, आणि तोवर एकाही अनोळखी मोठ्या माणसासमोर बसून स्वतःबद्दल पाच मिनिटं बोलायची वेळ त्याच्यावर आलेली नसते.

आणि मग एक दिवस ती येते. पत्र येतं, तारीख कळते आणि घरात धावपळ सुरू होते: मुलाखतीची तयारी कशी करायची? हा प्रश्न दरवर्षी माझ्यापर्यंत येतो. गेली काही वर्षं मी अशा मुलांबरोबर सरावाला बसतो. त्यावरून सांगतो, की हा प्रश्न मुलांच्या वाट्याला फार उशिरा येतो, आणि त्याचा दोष मुलांचा नाही.

आधी हे पाहू, की नाशिकच्या मुलाला प्रवेशाची मुलाखत भेटते तरी कुठे. सगळ्यात जुनी आणि अवघड वाट सैन्याची. हे गावच सैन्याच्या शेजारी वाढलेलं आहे. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, नाशिकरोड कॅम्पला आर्टिलरी सेंटर आहे आणि ओझरला एचएएलचा विमान कारखाना. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली सुरू केलेली भोसला मिलिटरी स्कूल इथलीच. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत जायचं तर लेखी परीक्षेनंतर सैन्याच्या निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची मुलाखत द्यावी लागते. एनडीएतून बाहेर पडणाऱ्या कॅडेटला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते, म्हणून तोही महाविद्यालयीन प्रवेशच. त्याच्या आधीची पायरी म्हणजे राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, मुलांच्या बोलीत एसपीआय. मुलग्यांसाठी ती १९७७ पासून छत्रपती संभाजीनगरला आहे. मुलींसाठीची २०२३ साली नाशिकमध्ये सुरू झाली. दहावीनंतर लेखी परीक्षा, मग मुलाखत आणि मग अकरावी-बारावीची दोन वर्षं निवासी शिक्षण. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला शासनाच्या मंडळासमोर बसवून ‘तुला अधिकारी का व्हायचंय?’ असं विचारणारी दुसरी जागा या जिल्ह्यात मला माहीत नाही.

दुसरी वाट व्यवस्थापनाची. सिडकोत सिम्बायोसिसची ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकवणारी संस्था आहे. तिथे ‘स्नॅप’ या लेखी परीक्षेनंतर मुलाखत आणि लेखनाची चाचणी असते. सगळ्या आयआयएम पदव्युत्तर प्रवेशासाठी मुलाखत घेतात. इंदूरच्या आयआयएमने तर २०११ पासून बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीही ती ठेवली आहे. तिसरी वाट आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या ठिकाणी साध्या बीए-बीएस्सीसाठीही मुलाखत होते आणि गरीब घरच्या मुलाला फीपासून वसतिगृहापर्यंत मदत मिळू शकते. पुण्याच्या एफटीआयआयसारख्या कलासंस्था उमेदवाराला समोर बसवल्याशिवाय घेत नाहीत. परदेशी जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा. एक नोंद मात्र करतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजला शिक्षक मुलाखतीत एखादं न पाहिलेलं गणित किंवा उतारा समोर ठेवतात आणि मुलगा त्यावर मोठ्याने विचार कसा करतो ते ऐकतात, कारण पुढे त्याला तसंच शिकवायचं असतं.

बाकी सगळीकडून मुलाखत हद्दपार झाली, आणि ते योग्यच झालं. त्यामागच्या इतिहासाचा विसर पडू नये. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचा एक खटला, ‘अजय हासिया’ म्हणून ओळखला जाणारा, नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. तिथे लेखी परीक्षेला १०० गुण होते आणि मुलाखतीला ५०. एकेका मुलाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत संपायची. प्रश्न काय? तर वडील कोण, राहतोस कुठे. न्यायमूर्ती भगवतींच्या पीठाने सांगितलं, की तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वजन देणं मनमानी ठरेल. मुलाखत ध्वनिमुद्रित करावी अशी सूचनाही केली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायलाच बंदी घातली, आणि पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या श्रेणीतल्या नोकरभरतीतून मुलाखत काढून टाकली.

या प्रत्येक निर्णयामागे एकच अनुभव होता. बंद खोलीत ‘तू कुणाचा?’ हा प्रश्न विचारला जायचा आणि उत्तरावर जागा ठरायची. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित महाविद्यालयं आली, देणग्यांचा बाजार वाढला आणि १९८७ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. गुणांची यादी भिंतीवर लागली, की सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यातल्या मुलाला निदान आपला क्रमांक तरी दिसायचा. म्हणून मुलाखत सगळीकडे परत आणा, असं मी म्हणणार नाही. पण ती गेली तेव्हा तिच्याबरोबर बोलण्याचा सरावही गेला. शाळेतल्या तोंडी परीक्षेचे गुण आता बहुतेक ठिकाणी न बोलताच पडतात. जिथे मुलाखत उरली, तिथे आता घरात बोलण्याची सवय असलेलं, इंग्रजी कानावर पडलेलं, वडिलांच्या मित्रांसमोर बसलेलं मूल पुढे जातं. ‘तू कुणाचा?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तर मात्र बोलण्यातून कळत राहतं.

चांगली मुलाखत काय करू शकते, हेही आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर मुंबईत सयाजीराव गायकवाडांना भेटले. बडोदा संस्थान काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवणार होतं. चरित्रकारांनी ही भेट नोंदवली आहे. महाराजांनी विचारलं, कोणता विषय शिकणार? उत्तर आलं, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र, त्यातही सार्वजनिक अर्थव्यवहार. ते शिकून काय करणार? आपल्या समाजाची स्थिती कशी सुधारावी, याचा मार्ग शोधणार. मग महाराजांनी नेमकं अडचणीचं विचारलं: संस्थानची नोकरीही करायची आहे, तर हे सगळं एकत्र कसं जमणार? संधी दिलीत तर जमवीन, असं तरुणाने सांगितलं. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. प्रश्न तीनच होते: काय शिकणार, कशासाठी आणि अडचणीतून वाट कशी काढणार. आजचं कुठलंही मंडळ फिरून फिरून हेच विचारतं.

एसएसबीकडे जरा थांबून पाहायला हवं. कारण मुलाखतीचं शास्त्र तिथे सगळ्यात पक्कं आहे, आणि आपल्याकडची मुलं तिथेच सगळ्यात जास्त घाबरतात. एनडीएच्या लेखी परीक्षेला ९०० गुण आणि एसएसबीलाही ९००. म्हणजे न्यायालयाने कॉलेजसाठी सांगितलेली १५ टक्क्यांची मर्यादा इथे लागू नाही. सैन्याला माणूसच पाहायचा असतो. निवड पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी बुद्धिमापनाची चाचणी आणि एक अंधूक चित्र. ३० सेकंद बघायचं, गोष्ट लिहायची आणि मग गटात बोलायचं. जे यात टिकत नाहीत ते त्याच दिवशी परतीची गाडी पकडतात. उरलेल्यांना मानसशास्त्रीय चाचण्या असतात. एकामागोमाग ६० शब्द दिसतात आणि प्रत्येकाला १५ सेकंदांत सुचेल ते वाक्य लिहायचं असतं. मैदानावर दोन दिवस गटकामं. आणि या सगळ्यात एका अधिकाऱ्यासमोरची मुलाखत. ती अर्धा तास ते तासभर चालते.

या मुलाखतीचा पाया म्हणजे सुरुवातीलाच भरून घेतलेला वैयक्तिक माहितीचा फॉर्म. गाव, गावाची लोकसंख्या, वडिलांचा व्यवसाय, भावंडं, गुण, खेळ, छंद, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या. अधिकारी तो समोर ठेवतो आणि एका दमात आठ-दहा प्रश्न विचारतो: दहावीत किती, बारावीत किती, गुण का घसरले, आवडते शिक्षक कोण, न आवडता विषय कोणता, मित्र कोण, सुट्टीत काय करतोस, घरच्या कुणाशी जास्त जवळीक? मुलाने क्रम लक्षात ठेवून उत्तरं द्यायची. प्रश्न एकही अवघड नाही. प्रत्येक प्रश्न त्याच्याच आयुष्यातला आहे. तरीही आपली मुलं इथेच अडखळतात, कारण आपल्या आयुष्याकडे सांगण्यासारखी गोष्ट म्हणून पाहायला त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

निफाड तालुक्यातली एक मुलगी सरावाला आली होती. छंद विचारला. ‘वाचन आणि संगीत.’ कोणतं पुस्तक? गप्प. कोणतं गाणं? गप्प. मग विचारलं, काल शाळेतून घरी गेल्यावर काय केलंस? म्हणाली, काही नाही, बागेत गेले होते, वडिलांबरोबर. बागेत काय होतं? आणि ती बोलायला लागली. द्राक्षाची ऑक्टोबरची छाटणी कोणत्या आठवड्यात धरायची यावरून घरात दरवर्षी काय चर्चा होते. लवकर धरली तर परतीच्या पावसात डावणीचा रोग येतो, उशिरा धरली तर माल बाजारात मागे पडतो. घड विरळायला बाया मिळत नाहीत तेव्हा ती आणि आई कशा उभ्या राहतात. निर्यातीच्या मालावर औषधाचा अंश राहू नये म्हणून फवारणीची वही कशी ठेवायची, आणि ती वही तीच लिहिते. दहा मिनिटं ती थांबली नाही. धोका, वेळ, मजूर, हिशेब आणि जबाबदारी, मंडळाला जे ऐकायचं असतं ते सगळं त्यात होतं. तिने ते सांगण्याजोगं मानलंच नव्हतं. शहरातल्या क्लासमधून तिला ‘छंद: वाचन, संगीत’ असं पाठ करून दिलेलं होतं.

या पाठांतरावर माझा खरा राग आहे. ‘माझा दोष म्हणजे मी कामात फार चोखंदळ आहे’ हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलं आहे, की ते सुरू होताच पुढचं सांगू शकतो. मंडळावर बसलेल्यांनी तर ते माझ्या शंभरपट ऐकलं असेल. तयार उत्तराला तयार पुढचा प्रश्न असतो: याचं एक उदाहरण सांग. तिथे मूल उघडं पडतं आणि त्याचा बाकीचा खरेपणाही संशयाखाली येतो. त्यासाठी पालक हजारो रुपये मोजतात, काहींनी तर कर्ज काढून मोजलेले मी पाहिले आहेत. सगळे क्लास वाईट नसतात. गटात बोलण्याचा सराव आणि वेळेचं भान यांचा उपयोग होतो. पण जो क्लास मुलाला दुसऱ्याचं आयुष्य पाठ करायला देतो, त्याने पैसे घेऊन नुकसान केलं, असंच माझं मत आहे.

चालू घडामोडींचंही तेच. मुलं मासिकं विकत घेतात, राजधान्या आणि पुरस्कार पाठ करतात. आणि ‘तू नाशिकचा, मग कांद्याचं काय?’ या प्रश्नावर थबकतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यात थांबवली आणि मे २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य ठेवून ती खुली केली. हे चांदवड-येवल्याच्या मुलाने वर्तमानपत्रात वाचायच्या आधी घरात भोगलेलं असतं. त्याने शेतकऱ्याची बाजू सांगावी. शहरातल्या गिऱ्हाइकाची बाजूही सांगता आली, तर त्याच्या विचाराला वजन येतं. असेच आणखी प्रश्न: २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी गोदेच्या पाण्याचं काय करायचं, नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला त्याने काय बदललं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामगार का वाढले? ज्याचे वडील अंबडला तिसऱ्या पाळीला जातात, त्याला ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या मुलाखतीत सांगण्यासारखं पुष्कळ असतं. रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र, आणि त्यातल्या एका बातमीवर घरात दोन बाजूंनी बोलणं, याहून वेगळी तयारी मला सांगता येणार नाही. ती मात्र आठवडाभरात होत नाही. सहा महिने लागतात.

भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. मराठी माध्यमातल्या मुलाची अर्धी भीती इंग्रजीची असते. वस्तुस्थिती सगळीकडे सारखी नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुलाखत मराठीत देता येते आणि अनेकांनी ती दिली आहे. सैन्याच्या मंडळासमोर अडलं तर हिंदीत बोललेलं चालतं. व्यवस्थापनाच्या संस्थांत मात्र इंग्रजीवाचून निभाव नाही, कारण पुढची दोन वर्षं त्याच भाषेत आहेत. मी मुलांना आधी मराठीत बोलायला लावतो. विचार मराठीत मोकळा झाला, की त्याची छोटी छोटी इंग्रजी वाक्यं करता येतात. उलट्या क्रमाने गेलं तर हाती फक्त पाठ केलेली वाक्यं राहतात. उच्चारांची काळजी शेवटची. ‘प्रश्न पुन्हा सांगाल का?’ आणि ‘मला माहीत नाही’ ही दोन वाक्यं शांतपणे म्हणता आली पाहिजेत. माहीत नसताना ठोकून दिलेलं उत्तर मंडळ क्वचितच माफ करतं.

कपडे, बूट, नमस्कार यावर फार बोलण्यासारखं नाही. स्वच्छ, इस्त्रीचे आणि आधी एकदा वापरलेले कपडे पुरतात. कागदपत्रांबद्दल मात्र पालकांना सांगतो: दहावीच्या प्रमाणपत्रावरचं, आधारवरचं आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का, ते आजच बघा. आईचं नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून मुलाखतीच्या आदल्या दिवशी सेतू कार्यालयात रांगेत उभं राहिलेलं कुटुंब मी पाहिलं आहे. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदतही तपासा. कोविडनंतर बऱ्याच मुलाखती ऑनलाइन झाल्या. पेठ-सुरगाण्यात रेंज जाते, म्हणून त्या दिवशी तालुक्याच्या किंवा नाशिकच्या नातेवाइकाकडे जाऊन बसा, आणि आदल्या संध्याकाळी तिथूनच एकदा जोडून बघा.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली. २०२२ साली पहिल्या १९ मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी संचलन करून बाहेर पडल्या. नाशिकची मुलींची संस्था याच बदलातून उभी राहिली. सरावाला येणाऱ्या मुली मुलग्यांपेक्षा जास्त वाचून येतात, हा माझा अनुभव आहे. पण मत विचारलं की त्या आधी बरोबर आलेल्या वडिलांकडे किंवा काकांकडे बघतात. म्हणून मी पालकांना बाहेर बसवतो. पहिली पाच मिनिटं अवघड जातात. त्यानंतर खिडकीतून बघणाऱ्या वडिलांनाही कळतं, की ही मुलगी घरात कधी बोललीच नव्हती.

आता शाळांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. तोंडी परीक्षेचे गुण तोंडी परीक्षा घेऊनच द्या. आठवीपासून वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाला दहा मिनिटं एका अनोळखी माणसासमोर बसवा. गावात निवृत्त सैनिक असतात, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई असतात, डॉक्टर असतात. बोलावलं तर ते आनंदाने येतात. साठ मुलांच्या वर्गाला दहा तास लागतील. दोन शनिवार आणि चार माणसं मिळाली, तर ते सहज होतं. खर्च चहाचा.

आणि वाचकहो, तुमच्या वाड्यात, सोसायटीत किंवा शेजारच्या मळ्यात या वर्षी दहावी-बारावीला असलेलं एखादं मूल असेलच. येत्या रविवारी त्याला अर्धा तास समोर बसवा, त्याच्या गावाबद्दल आणि घरच्या कामाबद्दल विचारा, आणि ते अडखळलं तरी मध्ये बोलू नका.